पुरात बुडालेली तेइस्को वाजती करताना

गिटार माझ्याकडं आली ती साखरेच्या पोत्यात. केस होती पण पुरात तिचा पुठ्ठा फुगून सुटला म्हणून कधीच टाकून दिलेली. पुढं गिटारीचे मालक काका स्वतः गाडी चालवतायत, वय पंच्याहत्तर, मागं नातू पोतं छातीशी धरून बसलाय, असे दोघं सांगलीहून मिरजेला आले, जून २०२४ ची गोष्ट. माझं मिरजेत अँप्लिफायर, मिक्सर, कीबोर्ड रिपेअरचं छोटं दुकान आहे, गिटारी येतात पण बहुतेक नव्या, जॅक तुटला, पॉट (आवाज कमी-जास्त करायचं फिरतं बटण) खरखरतोय एवढंच काम असतं. पोत्याचं तोंड सोडलं आणि आतनं चार पिकअपवाली, म्हणजे तारांखाली आवाज पकडणारे चार भाग असलेली तेइस्को निघाली तेव्हा मी हातातला चहा बाजूला ठेवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तेइस्को ही जपानी कंपनी, १९४६ ला टोकियोत सुरू झाली, १९६७ ला कावाईनं घेतली. साठच्या दशकात त्यांनी स्वस्तातल्या इलेक्ट्रिक गिटारी ढीगभर काढल्या आणि जगभर विकल्या. तेव्हा त्यांना कोणी भाव देत नव्हतं. पिकअपवर सोनेरी चकचकीत पातळ पत्रा असतो, वरनं जाळीदार कव्हर, म्हणून त्याला गोल्ड फॉइल म्हणतात. पुढं राय कूडरसारख्या मोठ्या गिटारवाल्यानं असला एक पिकअप काढून आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीत बसवला आणि मग सगळ्यांना त्या आवाजाचं वेड लागलं. परिणाम असा की लोक जुनी तेइस्को घेतात, पिकअप काढून घेतात आणि लाकूड फेकून देतात. त्यात चार पिकअपवालं मॉडेल आधीच कमी, आणि सगळे पार्ट जागेवर असलेलं तर सापडत नाही म्हटलं तरी चालेल.

काका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. सत्तरच्या दशकात मुंबईत एका बोटीवरच्या माणसाकडनं सेकंडहँड घेतलेली, तेव्हा परदेशी वाद्य मिळवायचा तोच रस्ता होता. गणपतीत दहा दिवस प्रोग्राम, मग जत्रा, मग लग्नं. नव्वदनंतर कीबोर्ड आले, एकटा माणूस सगळी वाद्यं वाजवायला लागला आणि गिटार कपाटावर गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५, म्हणजे गावभागातल्या तळमजल्यांचं काय झालं असेल बघा. काका म्हणाले, "कपाट तरंगलं रे. तरंगलं आणि आडवं झालं. आम्ही वरच्या मजल्यावरनं बघतोय." गिटार किती वेळ पाण्यात होती कोणाला सांगता येईना. पाणी उतरल्यावर पुसून माळ्यावर टाकली, तिथं पाच वर्षं.

माझा एक नियम आहे, वस्तू उघडायच्या आधी वहीत लिहायचं की काय दिसतंय आणि काय चालतंय, नंतर आठवत नाही आणि गिऱ्हाईक म्हणतं हे आधी चालत होतं. तर नोंद अशी होती. तारा गंजून खुंट्यांना चिकटलेल्या. हेडस्टॉकवर, म्हणजे दांडीच्या टोकाला, चार खुंट्या वर दोन खाली, सगळ्या उघड्या गिअरच्या, दोन अजिबात फिरत नाहीत. दांडी पुढं वाकलेली. ब्रिजचा, म्हणजे बॉडीवरच्या घोडीचा, स्क्रू गंजलेला. बॉडीवरचं लॅकर खालच्या बाजूला पापुद्र्यासारखं उठलेलं. आवाज शून्य. मीटर जॅकला लावला तर ओपन, म्हणजे सर्किट कुठंतरी तुटलेलं.

मग पिकगार्डचे, म्हणजे बॉडीवरच्या पुढच्या पट्टीचे, स्क्रू काढले. या गिटारीत पॉट, स्विच, वायरिंग सगळं पुढच्या पिकगार्डलाच लटकलेलं असतं. ते उचललं आणि टेबलावर कृष्णेचा गाळ पडला. वाळून भेगाळलेला, राखाडी, शेतात पूर ओसरल्यावर जसे पोपडे उठतात तसे छोटे छोटे पोपडे, आणि प्रत्येक पिकअपच्या खाचेत पाण्याची रेघ. त्या रेघेवरनंच कळलं की गिटार एका कुशीवर पडली होती, ब्रिजकडचा पिकअप पूर्ण बुडाला होता, गळ्याकडचा, म्हणजे दांडीकडचा, अर्धा. म्हणजे डायग्नोसिस गाळानंच करून ठेवलेलं. रेझिस्टन्स मोजला तर तसंच निघालं, तीन पिकअप सात ते साडेसात किलोओहमच्या मधे, ब्रिजवाला ओपन.

इथं काम थांबवून मी काकांना बोलावलं, कारण आता ठरवायचं होतं. नातवाला गिटार लाल करून हवी होती, चकचकीत, आणि आत नवे हंबकर, म्हणजे दोन कॉइलचे पिकअप. मुलगा चांगला आहे, वाजवतोही बरा, पण मी म्हटलं, "बाळा, तसली गिटार तुला पंधरा हजारात नवी मिळंल, ह्यात कशाला जीव काढतोस?" दुसरीकडं एक गिऱ्हाईक तयार झालं होतं ज्याला फक्त तीन चालू पिकअप हवे होते आणि त्याचा भाव ऐकून काकांचा मुलगा जरा हलला होता, खोटं कशाला बोला. काका एवढंच म्हणाले, "मला एकदा वाजवायचीय." झालं. म्हणजे काम असं ठरलं की गिटार वाजली पाहिजे, नवी दिसायची गरज नाही, जे मूळ आहे आणि चालतंय त्याला हात लावायचा नाही आणि जे बदलू ते उद्या परत काढता आलं पाहिजे. मागं बॉडीवर काकांच्या पट्ट्याच्या बकलानं लॅकर घासून लाकूड उघडं पडलंय, ते आम्ही तसंच ठेवलं. उठलेले पापुद्रे फक्त पातळ ग्लूनं खाली बसवले.

पण लगेच सुरू करता येईना, पावसाळा तोंडावर. लाकडात ओल असताना दांडी सरळ करायला गेलो तर दिवाळीत ती परत हवी तिकडं जाणार. म्हणून बॉडी-दांडी वेगळी करून दुकानाच्या मागच्या खोलीत सपाट ठेवली आणि पावसाळाभर इलेक्ट्रिकलचं काम घेतलं.

गाळ आधी कोरड्या ब्रशनं, मग स्पिरिटनं. पाणी अजिबात नाही. खुंट्यांचे गिअर रात्रभर रॉकेलमध्ये, मग शिलाई मशीनचं तेल, सगळ्या फिरल्या. ब्रिजच्या स्क्रूला मात्र मी घाई केली आणि डोकं तुटलं, तीन दिवस त्यातच गेले, शेवटी बाजूनं बारीक ड्रिल मारून काढला. पॉट तिन्ही साफ करून चालू झाले, ५०० के चे आहेत आणि वाचतायत ५८० पर्यंत, इतक्या वर्षांनी ठीक आहे. जॅक नवा टाकला, जुना डबीत ठेवला. प्रत्येक पिकअपला एक असे चार रॉकर स्विच, ते उघडून आतल्या पत्र्या काचेच्या तंतूच्या पेननं घासल्या. त्यातला एक नंबरचा स्विच काही केल्या एका दाबात लागेना, दोनदा दाबायला लागायचा. त्याच्यावर मी दोन संध्याकाळी घातल्या, पत्री वाकवली, परत सरळ केली, पण नाहीच.

आता ब्रिजचा पिकअप. मागच्या पत्र्याच्या कडा दुमडलेल्या असतात, त्या सरळ करून कव्हर सोडवलं. या पिकअपमध्ये चुंबक फ्रिजच्या दाराच्या पट्टीसारखा, रबरी. कॉइलच्या आतल्या टोकाला हिरवं पडलेलं, तार तिथंच खाल्लेली. आतलं टोक म्हणजे सगळी कॉइल उलगडल्याशिवाय जोडता येत नाही, आणि उलगडायला गेलो तर तार जागोजाग तुटत होती. रीवाइंड केल्याशिवाय गत नव्हती.

पिकअप म्हणजे काय तर चुंबक आणि त्याच्याभोवती हजारो वेढ्यांची बारीक तांब्याची तार. वर स्टीलची तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये करंट येतो, एवढंच. मोटर रीवाइंडिंगवाले माझे दोस्त आहेत त्यामुळं मला वाटलं हे सोपं काम. नेटवर सगळीकडं लिहिलंय की गिटार पिकअपला ४२ नंबरची तार. गेलो सांगलीला, वाइंडिंगच्या दुकानात म्हटलं ४२ नंबर इनॅमल द्या, त्यानं रीळ दिलं.

वाइंडर मी शिलाई मशीनच्या मोटरीचा केला. मोजायला कॅल्क्युलेटर वापरला, ही जुनी युक्ती आहे, चाकाला छोटं चुंबक लावायचं, समोर रीड स्विच (चुंबक जवळ आलं की लागतो), त्याच्या दोन वायरी कॅल्क्युलेटरच्या बरोबरच्या बटणाला सोल्डर करायच्या, आधी एक अधिक एक मारून ठेवायचं, मग प्रत्येक फेऱ्याला आकडा एकानं वाढतो. तार दोन बोटांच्या चिमटीत धरून डावी-उजवी हलवत राहायची. अंदाज होता की सात हजाराच्या वर वेढे बसतील. २,६०० ला बॉबिन गच्च भरली. मला वाटलं मी सैल गुंडाळली. मीटर लावला, एक किलोओहमसुद्धा नाही. परत उलगडली, परत गुंडाळली, जास्त ताणून, तर परत तेच.

तिसऱ्या वेळी मायक्रोमीटर काढला जो पहिल्या दिवशीच काढायला पाहिजे होता. जुन्या तारेचा तुकडा ०.०६ मिलिमीटर. माझ्या रिळाची तार ०.१०. म्हणजे नेटवरचा ४२ नंबर हा अमेरिकन गेज (तारेच्या जाडीचा नंबर), आणि आपल्याकडं वाइंडिंगच्या दुकानात चालतो तो ब्रिटिश एसडब्ल्यूजी. अमेरिकन ४२ म्हणजे आपला साधारण ४६. दोन्हीकडं बेचाळीसच म्हणतात आणि जाडीत दीडपटीहून जास्त फरक, म्हणजे जागा जवळजवळ तिप्पट खाणार. दुकानदाराची काही चूक नाही, त्यानं जे मागितलं ते दिलं. वीस वर्षं सोल्डरिंग करतोय आणि आपण नंबरावर विश्वास ठेवून मोजलं नाही याची लाज वाटली, म्हणून इथं सविस्तर लिहितोय, दुसऱ्या कुणाचं रीळ वाया जाऊ नये.

४६ नंबर सांगलीत कोणी ठेवत नाही, पुण्याहून मागवली. ही तार केसासारखी बारीक असते, श्वास जोरात सोडला तरी हलते, फॅन बंद करून ऑगस्टच्या उकाड्यात बसायचं. दोनदा तुटली. तिसऱ्यांदा ७,३०० वेढ्यांना मीटर ७.१ किलोओहम वर आला आणि मी थांबलो, बाकीच्या तिघांच्या जवळ. हिशोब केला तर त्या बोटभर बॉबिनवर सव्वा किलोमीटरच्या आसपास तार बसलीय. गरम मेणात बुडवायचं मी टाळलं, आत रबरी चुंबक आणि जुनं प्लॅस्टिक, वाकलं तर परत मिळायचं नाही. सोनेरी पत्र्यावर एक सुरकुती आहे, ती तशीच ठेवून कव्हर परत दुमडलं.

बसवला, एकटा वाजवला तर मस्त. दुसऱ्या पिकअपबरोबर लावला तर आवाज एकदम पत्र्यासारखा, खालचे सूर गायब. फेज उलटी, म्हणजे दोन पिकअप एकमेकांचा आवाज खातायत. गुंडाळण्याची दिशा मी उलटी घेतली होती. सुईवाला मीटर लावून पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टेकवला की सुई ज्या बाजूला उडते ती सगळ्यांची एकच पाहिजे, याची उलट उडत होती. उपाय सोपा, दोन वायरींची अदलाबदल, पण इथं एक मेख आहे. पिकअपचं धातूचं कव्हर एका टोकाला जोडलेलं असतं, नुसती अदलाबदल केली तर कव्हर हॉट, म्हणजे सिग्नलच्या बाजूला जातं आणि हात लागला की भुंगा, म्हणजे गुरगुर. म्हणून कव्हरचं कनेक्शन आधी तोडून त्याला स्वतंत्र अर्थ दिला, मग टोकं बदलली. ब्रिजला जाणारी अर्थची वायरही गंजून तुटली होती, ती नवी ओढली, त्याशिवाय तारांना हात लावल्यावर हम कमी होत नाही.

अर्थिंगवरनं काकांनी सांगितलेलं, एका गणपतीत मंडपात माइकला ओठ लागला आणि हात तारांवर, असा झटका बसला की दोन गाणी ओठ बधिर. "पब्लिकला वाटलं मी मूडमध्ये आलोय." गिटार एका अँपवर आणि माइक दुसऱ्या, एकाला अर्थ नाही, त्या काळी सगळीकडं हेच. काकांचा जुना अँप पण मी बघितला, दोन पिनेचा, आधी त्याला तीन पिनेची कॉर्ड आणि चेसिसला अर्थ केला, मगच त्याला गिटार जोडायला परवानगी दिली.

दिवाळीनंतर दांडी घेतली. आजकालच्या गिटारीत दांडीच्या आत ट्रस रॉड असतो, चावीनं फिरवलं की वाक कमी-जास्त करता येतो. हिच्यात आत स्टील घातलंय पण ते अॅडजस्ट होत नाही. सातव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरची आडवी धातूची पट्टी, सतारीचा पडदा) तारेखाली फट १.४ मिलिमीटर निघाली, साधारण ०.२५ पाहिजे. कारण फक्त पूर नव्हता. काका ऑर्केस्ट्रात १२ नंबरच्या जाड तारा लावायचे (इथं नंबर मोठा तशी तार जाड), त्यांचा ताण ९ नंबरच्या सेटच्या दीडपटीहून जास्त, आणि त्याच ताणात गिटार जवळजवळ तीस वर्षं कपाटावर. त्यामुळं पहिला निर्णय हाच की इथून पुढं ९ नंबरच. मग दांडी अॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपला क्लॅम्प करून उलटा किंचित बाक दिला, दिव्याखाली हात सोसवेल न सोसवेल इतकी गरम केली, आणि दोन दिवस तशीच गार होऊ दिली. जास्त तापवलं तर फिंगरबोर्डचा (दांडीवरच्या फ्रेटच्या फळीचा) ग्लू सुटतो त्यामुळं हे काम भीतभीतच. दोन वेळा केल्यावर ०.६ वर आली. तिसऱ्यांदा मी केलं नाही, लाकूड नको म्हणत असलं की थांबावं. राहिलेलं फ्रेट घासून काढायचं ठरवलं.

आणि फ्रेट घासायला मी सतारमेकर गल्लीतल्या चाचांकडं गेलो. मिरजेत राहून दुसरीकडं कुठं जायचं! इथं दीडशे वर्षांहून जास्त काळ सतार-तंबोरे होतायत, २०२४ मध्ये तर मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांनी इलेक्ट्रिक गिटार कधी केली नव्हती. मी तारा लावूनच नेली होती, एक मोकळी तार छेडली तर झ्यांऽऽ असं वाजलं, मी म्हटलं बघा हा बझ, ही झणझण जात नाही, मी ब्रिज वर करून बघितला, दांडीखाली पातळ पट्टी घालून बघितली. चाचांनी कान जवळ नेला, परत छेडली, मग पहिल्या पडद्यावर बोट दाबून छेडली, तर आवाज स्वच्छ. हसायला लागले. "अरे ही जवारी आहे. आम्ही ही काढायला आठवडा घालवतो आणि तुला फुकटात मिळाली तर नको म्हणतोस."

बरोबर होतं. तंबोऱ्यात घोडीचा वरचा भाग असा सपाट-उताराचा घासतात की तार त्याच्यावर हलकी घासत राहते, त्या घासण्यातनंच तो भरलेला झंकार येतो. तेइस्कोला नटच्या (खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीच्या) पुढं एक झिरो फ्रेट असतो, मोकळी तार त्याच्यावर टेकते. वर्षानुवर्षं जाड तारांनी त्याला खाचा पडल्या, माथा सपाट झाला, आणि तिथं नको असलेली जवारी तयार झाली. मी मात्र दांडी आणि ब्रिजमध्ये शोधत बसलेलो. बोट दाबल्यावर बझ जातो म्हणजे रोग बोटाच्या मागं, हे एवढं साधं.

झिरो फ्रेट काढून नवा बसवला, जर्मन सिल्व्हरचा, जुन्यापेक्षा किंचित उंच. बाकीचे फ्रेट चाचांनी लांब कानशीनं एका सपाटीत घेतले आणि मग प्रत्येकाचा माथा परत गोल केला, काजळी लावून बघत बघत, जिथं काळं पुसलं जातं तिथं अजून उंच आहे. मी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) घेऊन शेजारी उभा, ते गेजकडं बघतसुद्धा नव्हते. मी नंतर मोजलं, कुठं बोट ठेवायला जागा नाही. पैसे किती म्हटलं तर म्हणाले चहा पाज, मग मी जबरदस्तीनं बाराशे ठेवले.

शेवटचं सेटिंग दुकानात. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची आधी ५ मिलिमीटर होती ती २.२ वर आली. सूर बाराव्या फ्रेटवर जुळवून घेतले, पाच तारा जुळल्या, जाड तार वर गेल्यावर अजून केसभर चढी लागते, ब्रिजला मागं जायला जागाच नाही. भुंगा थोडा आहेच, एकेरी कॉइलचा पिकअप म्हटल्यावर ट्यूबलाइटखाली गुरगुरणार, तो हिचा स्वभाव. एकूण खर्च ७,८०० झाला, त्यातले सातशे माझ्या चुकीच्या तारेचे, ते मी लावले नाहीत.

डिसेंबरात काका आले, नातू बरोबर. बोटं आता वळत नाहीत तेवढी, पहिले दोन कॉर्ड नीट दाबले गेले नाहीत, मग एक जुनी धून घेतली आणि हळूहळू हात बसला. नातू गप्प. ब्रिजचा पिकअप लावला, मग गळ्याकडचा, मग दोन्ही. मधेच त्यांनी एक नंबरचा स्विच न बघताच टकटक दोनदा दाबला.

मी म्हटलं, "काका, तेवढा एक स्विच मला जमला नाही, दोन संध्याकाळी घालवल्या त्याच्यावर."

"तो?" काका तारांवरनं नजर न काढता म्हणाले, "तो घेतल्यापास्नंच तसा हाय."